व्हिटमन काउंटीत राहायला येण्याआधी

चि. स्वप्नील,

तुझा मेल वाचला. वीजसंरक्षणाचे रिले बनवणाऱ्या कंपनीकडून अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या पुलमनची ऑफर आली आहे, होकार-नकार कळवायला थोडेच दिवस उरलेत, तुझ्या बायकोचं, ऋताचं, मन होत नाही आणि उपग्रहाच्या नकाशात तुला गावाभोवती नुसती शेतं दिसली. ‘काकू, तिथे नक्की आहे तरी काय, आणि पाच वर्षांच्या मुलीला घेऊन तिथे राहावं का?’ हे तुझे दोन प्रश्न. पगार, व्हिसा, विमा यांची चौकशी तू केलेली दिसते, त्यामुळे मी जागेबद्दलच लिहिते. जरा सविस्तर लिहिते, कारण ही जागा चार ओळींत सांगण्यासारखी नाही.

माझं मत आधीच सांगून टाकते. या. मात्र पुलमन हे एक शहर समजून येऊ नका. व्हिटमन काउंटीत राहायला जातोय असं समजून या. नोकरी, घर आणि आठवड्याचं वाणसामान एवढ्यातच राहिलेली कुटुंबं इथे फार टिकत नाहीत, सिएटलकडे निघून जातात. ज्यांना इथली माती, पाणी आणि अंतरं कळली, ती बहुतेक राहिली. मीही त्यांतलीच. मूळची बार्शीची, कोरडवाहू शेतीच्या घरातली. आणि इथे येऊन माती तपासण्याच्या कामात पडले, हा माझा फायदा झाला.

काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा प्रकार, पण इथे कलेक्टर नसतो. तीन कमिशनर, शेरीफ, कर आकारणारा असेसर, नोंदणी बघणारा ऑडिटर, सगळे लोकांनी निवडून दिलेले. मुख्य ठाणं पुलमन नाही, कोलफॅक्स आहे. कोर्ट, गाडीची आणि जमिनीची कागदपत्रं, सगळं तिथून चालतं. क्षेत्रफळ सुमारे ५,६०० चौरस किलोमीटर, म्हणजे सिंधुदुर्ग जिल्ह्यापेक्षा थोडं मोठं. सिंधुदुर्गात साडेआठ लाखांच्या आसपास माणसं आहेत. इथे २०२०च्या जनगणनेत ४७,९७३. त्यांतली ३२,९०१ एकट्या पुलमनमध्ये. उरलेल्या सगळ्या शिवारात पंधरा हजार. हा आकडा ऋताला दाखव. तिचा निर्णय बराचसा यावरच ठरेल.

आता जमिनीकडे येते, कारण इथलं सगळं तिथूनच सुरू होतं.

तळाशी बेसाल्ट आहे. कुंभार्ली घाटात रस्त्याकडेला जो काळा कातळ दिसतो, त्याच जातीचा, भेगांमधून पसरलेल्या लाव्हाचा. फक्त आपल्या सह्याद्रीपेक्षा बराच तरुण. आपला साडेसहा कोटी वर्षांचा, हा सुमारे दीड-पावणेदोन कोटी वर्षांचा. या लाव्हाने जुने डोंगर गिळून टाकले. त्यातून एखाददुसरं शिखर डोकं वर काढून राहिलं. स्टेप्टो ब्यूट हे त्यांतलं सगळ्यात ठळक, ३,६१२ फुटांचं, चाळीस कोटी वर्षांहून जुन्या क्वार्टझाइट या कठीण दगडाचं. वरपर्यंत गोल गोल फिरत रस्ता जातो आणि माथ्यावरून अख्खी काउंटी दिसते. इथे आल्यावर सामान सोडण्याआधी तिथे जा, असं मी प्रत्येक नव्या माणसाला सांगते.

बेसाल्टवर जी माती आहे ती इथे तयार झालेली नाही, वाऱ्याने आणून टाकलेली आहे. हिमयुगात नैऋत्येकडच्या सखल भागात गाळ साठायचा, वाळायचा, आणि वारा त्याची बारीक भुकटी उचलून इकडे आणायचा. हजारो हजार वर्षं हे चाललं. काही ठिकाणी हा थर ७५ मीटरपर्यंत जाड आहे. म्हणून इथल्या टेकड्यांना कडेकपारी नाहीत. सगळं गोलसर, घडी पडल्यासारखं, आणि उतार मात्र असे की उभ्याने चढताना दम लागतो. या टेकड्यांच्या प्रदेशाला पलूस म्हणतात. हो, सांगलीकडच्या माणसाला हे नाव ऐकून घरचं वाटेल. किर्लोस्करवाडीशेजारच्या पलूसचा याच्याशी काही संबंध नाही, उच्चार तेवढा जवळचा.

काउंटीचा पश्चिम भाग मात्र वेगळाच आहे. हिमयुगाच्या अखेरीस मोंटानात बर्फाच्या बांधामागे एक प्रचंड सरोवर तुंबलं होतं. तो बांध पुन्हा पुन्हा फुटला आणि दर वेळी पाण्याचा लोंढा इकडून गेला. त्याने माती खरवडून नेली, खाली नागडा बेसाल्ट उरला. जे. हार्लेन ब्रेट्झ या भूवैज्ञानिकाने १९२३ साली हे मांडलं तेव्हा त्याच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. एवढा पूर कसा येईल, असं म्हणून दशकानुदशकं त्याला खोडून काढलं गेलं. १९७९ साली, तो नव्वदी पार केल्यावर, त्याला अमेरिकेच्या भूवैज्ञानिक संस्थेचं सर्वोच्च पदक मिळालं. पश्चिम सीमेवरचा पलूस धबधबा, जवळजवळ ६० मीटरचा, त्याच पुरांनी कोरलेल्या घळीत पडतो. एप्रिलमध्ये बर्फ वितळल्यावर बघावा.

पावसाचंही असंच, पूर्व-पश्चिम भेद आहे. कॅस्केड पर्वतांच्या आडोशाला असल्यामुळे पश्चिमेला वर्षाकाठी ४०० मिलिमीटरच्या आसपास, पुलमनच्या बाजूला ५३०च्या आसपास. सगळा हिवाळ्यात आणि वसंतात, पाऊस किंवा बर्फ होऊन. जुलै-ऑगस्ट कोरडे ठणठणीत. आणि तरीही कालवा नाही, पाट नाही, गव्हाला विहिरीचं पाणी नाही. हे कसं, ते सोलापूरच्या माणसाला पटकन समजतं: आपली रब्बी ज्वारी जशी काळ्या रानात मुरलेल्या ओलीवर येते, तसाच इथला हिवाळी गहू या मातीत साठलेल्या ओलाव्यावर येतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरणी, बर्फाखाली रोप झोपून राहतं, मार्चपासून उठतं, जुलैअखेर ते ऑगस्टमध्ये कापणी. पूर्वेला गहू, मग वसंतातलं बार्ली किंवा गव्हाचं पीक, मग मसूर-हरभरा अशी तीन वर्षांची फेरपालट. पश्चिमेला ओल कमी म्हणून एक वर्ष गहू, एक वर्ष रान पड.

एवढ्या जोरावर ही काउंटी अमेरिकेत सर्वाधिक गहू पिकवणाऱ्या काउंट्यांमध्ये वर्षानुवर्षं पहिली किंवा पहिल्या काहींत असते. हा मऊ पांढरा गहू बहुतेक देशाबाहेर जातो, जपान, फिलिपिन्स, दक्षिण कोरियाकडे, केक, बिस्किटं आणि नूडल्ससाठी. त्याच्या पिठात चिकटपणा कमी, आपल्या पोळीला ते तितकंसं बरं नाही. पोळीची कणीक उत्तरेकडच्या स्पोकेन शहरातून आणायची.

इतिहासाबद्दल तू विचारलं नाहीस, पण इथे राहणाऱ्याला तो माहीत हवा, असं मला मनापासून वाटतं. मुलगी शाळेत जाईल तेव्हा तिला ‘पायोनियर’ (पहिले गोरे वसाहतकार) हा शब्द खूप ऐकू येईल. त्या आधी इथे कोण होतं, ते घरी सांगायची जबाबदारी तुमची.

स्नेक नदी ही काउंटीची दक्षिण सीमा. पलूस नदी तिला मिळते त्या जागी पलूस या इथल्या मूळ रहिवासी लोकांचं मोठं गाव होतं. १८०५च्या ऑक्टोबरात लुईस आणि क्लार्क हे अमेरिकन सरकारने पाठवलेले शोधप्रवासी स्नेकमधून होड्यांनी खाली गेले तेव्हाही ते लोक इथेच होते. त्या संगमाजवळच्या, पलीकडच्या काउंटीतल्या एका कपारीत दहा हजार वर्षांपूर्वीच्या माणसांचे अवशेष सापडले. १९६९ साली खाली धरण झालं आणि ती कपार पाण्यात गेली. पलूस लोक घोड्यांसाठी प्रसिद्ध होते. कॅमास नावाचा कंद, नदीतला सामन मासा आणि गवताळ टेकड्यांवर चरणारे घोड्यांचे कळप, असं त्यांचं जगणं होतं.

१८५५ साली गव्हर्नर आयझॅक स्टीव्हन्सने वॉला वॉला इथे मूळ लोकांकडून करार करून घेतले. जमिनी गेल्या. मे १८५८ मध्ये कर्नल स्टेप्टो सुमारे १६० सैनिक घेऊन उत्तरेकडे निघाला. आजच्या रोझालिया गावाजवळ कर डलेन, स्पोकेन आणि पलूस योद्ध्यांनी त्याला गाठून हरवलं. रातोरात त्याला पळावं लागलं. ज्या शिखराला आज त्याचं नाव आहे ते असं हरलेल्या माणसाचं आहे. त्याच वर्षी सप्टेंबरात कर्नल राइट सूड घ्यायला आला. त्याने लढाया जिंकल्या, माणसांना फासावर दिलं, आणि सुमारे आठशे घोडे पकडून मारून टाकले. घोड्यावर जगणाऱ्या समाजाचे पाय तोडण्याचाच तो प्रकार होता. याकामा-पलूस नेता कामाइकिन त्यानंतर परागंदा झाला आणि पुढे याच काउंटीतल्या रॉक लेकच्या काठी १८७७च्या सुमारास वारला. पुलमनच्या उत्तरेला कामियाक ब्यूट नावाचं काउंटीचं उद्यान आहे, पाइनच्या झाडांचं, सुंदर. ते नाव त्याचंच.

काउंटी स्थापन झाली २९ नोव्हेंबर १८७१ रोजी. नाव दिलं मार्कस व्हिटमन या मिशनऱ्याचं. हा वॉला वॉलाजवळ राहायचा. गोऱ्यांच्या तांड्यांबरोबर गोवराची साथ आली, केयूस या तिथल्या मूळ लोकांची मुलं पटापट मेली, व्हिटमनच्या औषधाने गोरी मुलं वाचत होती आणि त्यांची नाही. २९ नोव्हेंबर १८४७ रोजी त्यांनी त्याला, त्याच्या बायकोला आणि आणखी काहींना ठार केलं. तारीख बघितलीस? बरोबर चोवीस वर्षांनी, त्याच दिवशी, ही काउंटी. बराच काळ तो हुतात्मा म्हणून शिकवला गेला. आता इथले लोक ती गोष्ट दोन्ही बाजूंनी सांगू लागलेत, आणि राजधानी वॉशिंग्टनमधला त्याचा पुतळा बदलून मासेमारीच्या हक्कांसाठी लढलेल्या बिली फ्रँक धाकट्यांचा बसवायचा, असा कायदा राज्याने २०२१ साली केला.

सुरुवातीला आलेल्या गोऱ्यांना या टेकड्या निरुपयोगी वाटल्या. ते नाल्यांच्या काठी राहिले, गुरं चारली. १८७०च्या दशकात कुणीतरी माथ्यावर गहू पेरून बघितला आणि तो खालच्यापेक्षा चांगला आला. मग १८८०च्या दशकात रेल्वे आली, आणि वीस वर्षांत सगळं गवत नांगराखाली गेलं. मूळ पलूस गवताळ रानाचा आज एक टक्काही उरलेला नाही; स्मशानांच्या कोपऱ्यांत, नांगर पोचत नाही अशा कडांवर तेवढं. एंडिकॉटला व्होल्गाकाठचे जर्मन आले, युनियनटाउन-कोल्टनला कॅथलिक जर्मन. आजही पत्रपेट्यांवरची आडनावं बघितली की हे कळतं. कापणीला तीस-तीस घोडे-खेचरं जुंपलेली यंत्रं उतारांवर चालायची. आताची कम्बाइन यंत्रं आडव्या उतारावर स्वतःच सरळ राहतात, चाकं तिरकी आणि धड सपाट. ही तऱ्हा याच टेकड्यांसाठी घडली. तुझ्यासारख्या इंजिनिअरने ऑगस्टमध्ये एक दुपार बांधावर उभं राहून ते बघावं.

विद्यापीठ म्हणजे वॉशिंग्टन स्टेट, १८९० साली स्थापन झालं, १८९२ साली वर्ग सुरू झाले. तिथल्या एका माणसाचं आपल्यावर थेट ऋण आहे. ऑर्विल व्होगेल हे पुलमनमध्ये गव्हाच्या जाती तयार करायचे. या मातीत गहू इतका वाढायचा की ओंब्यांच्या भाराने लोळायचा. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमधून नोरिन १० नावाच्या बुटक्या गव्हाचं बी अमेरिकेत आलं. व्होगेलनी त्याचा इथल्या जातींशी संकर केला. त्यातून १९६१ साली ‘गेन्स’ ही बुटकी जात शेतकऱ्यांपर्यंत पोचली आणि उत्पादनाचे विक्रम मोडले. त्याआधीच त्यांनी ते बियाणं मेक्सिकोत गहूसंशोधक नॉर्मन बोरलॉग यांना पाठवलं होतं. बोरलॉगनी त्यावरून मेक्सिकन बुटके गहू तयार केले, आणि तेच सोनोरा ६४ आणि लेर्मा रोहो १९६०च्या दशकात भारतात आले. १९६६ साली आपण १८,००० टन बियाणं मागवलं होतं. रेशनच्या लाल मिलो ज्वारीवर दिवस काढलेली माणसं आमच्या घरात होती. त्यामुळे विद्यापीठाच्या गव्हाच्या प्रयोगक्षेत्रांवरून जाताना मला दर वेळी कृतज्ञता वाटते, आणि ती तुलाही वाटेल असा माझा विश्वास आहे.

दुसरा धागा डाळींचा. मसूर इथे पहिल्या महायुद्धाच्या सुमारास फार्मिंग्टन गावाजवळ सुरू झाली. आता पलूसचा हा भाग अमेरिकेतल्या मसूर आणि काबुली हरभऱ्याच्या जुन्या घरांपैकी एक आहे. १९८९पासून पुलमनमध्ये दर ऑगस्टला मसूर महोत्सव भरतो, गावभर मसुरीची ‘चिली’, म्हणजे तिखट रस्सा, वाढतात. ऋता जाईल तेव्हा तिची आमटी तिथे सगळ्यांना शिकवू दे. हा व्यापार आपल्याशी किती बांधलेला आहे तेही इथे येऊन कळलं: भारताने जून २०१९ मध्ये अमेरिकेच्या मसूर-हरभऱ्यावर जादा कर लावला तेव्हा इथल्या शेतकऱ्यांच्या गप्पांत दिल्लीचं नाव रोज यायचं, सप्टेंबर २०२३ मध्ये तो काढला. मी दोन्हीकडची आहे, मला लातूरच्या शेतकऱ्याचा भावही महत्त्वाचा वाटतो. पण दोन कोरडवाहू शेतकरी एकाच बाजारात एकमेकांसमोर कसे उभे राहतात, हे इथे समोर दिसतं.

आता जे मला सगळ्यात लागतं ते. ही माती वाहून चालली आहे. इतके तीव्र उतार, हिवाळ्यात गोठलेल्या जमिनीवर पडणारा पाऊस, आणि शंभर वर्षं नांगरून भुसभुशीत केलेलं रान. १९७८ साली अमेरिकेच्या कृषिखात्याने पलूस नदीच्या खोऱ्याचा हिशेब मांडला: दहा टक्के शेतजमिनीवरची मूळ वरची माती पूर्ण गेलेली, आणखी साठ टक्क्यांवरची पाव ते पाऊण हिस्सा गेलेली. वसंतात टेकड्यांच्या डोक्यावर फिकट डाग दिसतील, ते म्हणजे खालची चिकण उघडी पडलेली. तेव्हापासून बरंच सुधारलं आहे. न नांगरता, आधीच्या पिकाच्या धसकटातच पेरणारी यंत्रं आली, उतार पट्ट्यांत वाटून पेरू लागले. तरी पावसाळी जानेवारीत नाले अजून चॉकलेटी वाहतात. रस्त्याने जाताना कुठल्या शेतात धसकटं उभी आहेत आणि कुठे काळं मोकळं रान आहे, हे बघायची सवय लावून घे. शेजाऱ्यांशी बोलायला याच्यासारखा विषय नाही, आणि तो त्यांच्या जिव्हाळ्याचा आहे.

पिण्याचं पाणी हा दुसरा काळजीचा मुद्दा. पुलमन आणि आठ मैलांवरचं आयडाहोतलं मॉस्को, दोन्ही गावं बेसाल्टच्या थरांमधल्या खोल भूजलावर जगतात. नळाला येणारं पाणी चांगलं आहे, निर्धास्त प्या. पण ती पातळी कित्येक दशकं खाली जात आली आहे, कारण खालचं पाणी फार जुनं आणि वरून भरणं अगदी कमी. अंगणात हिरवळ ठेवू नका, एवढंच माझं सांगणं.

नदीबद्दलही ऐकशील. स्नेकवर १९७० साली लिटल गूज आणि १९७५ साली लोअर ग्रॅनाइट ही धरणं पुरी झाली, त्यामुळे गहू बार्जमधून, म्हणजे सपाट बुडाच्या मालवाहू बोटींतून, नदीने थेट पोर्टलंडकडे जातो. अल्मोटाच्या धक्क्यावर ट्रक रिकामे होताना बघता येतात. पण वावावाईच्या खोऱ्यातल्या फळबागा त्या पाण्याखाली गेल्या, आणि सामन मासा घटला. धरणं फोडावीत का, यावर इथे फार कडाडून मतभेद आहेत. माझं मत नेझ पर्स या इथल्या मूळ लोकांच्या बाजूला झुकतं, कारण मासेमारीचा हक्क त्यांना १८५५च्या करारानेच दिलेला आहे आणि मासाच नसेल तर हक्क कसला. गहू रेल्वेने जाऊ शकतो. खर्च वाढेल, तो सरकारने सोसावा. माझ्या शेतकरी मित्रांना हे मान्य नाही, तरी आमचं जेवणखाण एकत्र होतं.

गावांविषयी. १९१० साली काउंटीत सुमारे ३३ हजार माणसं होती आणि पुलमनमध्ये त्यांतली जेमतेम अडीच हजार. म्हणजे पुलमन सोडून उरलेली काउंटी शंभर वर्षांत निम्मी झाली. शेतं मोठी होत गेली, यंत्रं आली, रेल्वेचे फाटे उखडले. टेकोआ, ओक्सडेल, गारफील्ड, लाक्रॉस या गावांत तुला धान्य साठवायचे उंच बुरूज (एलिव्हेटर), विटांची जुनी बँक आणि बंद दुकानं दिसतील. पलूस नावाच्या गावाने आपला मुख्य रस्ता जिवंत ठेवलाय, तिथे आवर्जून जा. आणि माल्डन. ७ सप्टेंबर २०२०ला, जोराचा वारा सुटलेला असताना गवताला आग लागली आणि त्या दुपारीच गावातली जवळजवळ ऐंशी टक्के घरं जळाली. फायर स्टेशन, टपालघर, वाचनालय, सगळं. केंद्राची मदत मिळायला काही महिने गेले. दुर्गम भागात राहणं म्हणजे काय, ते माल्डनने इथल्या सगळ्यांना दाखवलं. तुम्ही पुलमनमध्ये असाल, तुम्हाला तेवढा धोका नाही. पण ऑगस्ट-सप्टेंबरात आसपासच्या वणव्यांचा धूर काही वर्षी आठवडाभर बसतो. मुलीला दम्याचा त्रास असेल तर हे डॉक्टरांशी बोलूनच ठरवा. घरात हवा गाळणारं यंत्र घ्या.

ऋताच्या प्रश्नांकडे येते. तिला अवलंबित व्हिसावर नोकरी करता येणार नाही, निदान तुझ्या ग्रीनकार्डची प्रक्रिया ठरावीक टप्प्याला जाईपर्यंत. शिकता मात्र येतं. पुलमनमध्ये एक आणि मॉस्कोत एक, अशी दोन विद्यापीठं आठ मैलांत आहेत. एवढ्या लहान जागी हे दुर्मीळ आहे आणि तिने याचा विचार करावा. गाडी चालवायला तिने तिथूनच शिकून यावं. पुलमनमध्ये बस आहे, पण गावाबाहेर पडलं की काही नाही. वॉशिंग्टनमध्ये राहायला आल्यावर तीस दिवसांत इथला परवाना काढावा लागतो. स्पोकेन १२० किलोमीटर, सिएटल ४६० किलोमीटर. भारतीय वाणसामान, विशेषज्ञ डॉक्टर, मोठा विमानतळ, सगळं स्पोकेनला. पुलमनचा विमानतळ छोटा, तिथून सिएटलला विमान जातं. हॉस्पिटल पुलमनलाही आहे, कोलफॅक्सलाही. महाराष्ट्र मंडळ सिएटलचं. इथे मराठी घरं मोजकी, पण गणपती आणि दिवाळी विद्यार्थ्यांच्या मदतीने नीट होते.

घर पुलमनमध्ये घ्यावं की मॉस्कोत, हेही विचार करून ठरव. मॉस्को जास्त गजबजलेलं, झाडीचं, दर शनिवारी उन्हाळ्यात भाजीबाजार भरणारं. पण ते आयडाहोत आहे. तिथे राहिलास तर पगारावर राज्याचा आयकर लागेल, किराण्यावरही विक्रीकर. वॉशिंग्टनमध्ये पगारावर राज्याचा कर नाही आणि शिध्यावर विक्रीकर नाही. एक गोष्ट आणखी, ती स्पष्टच सांगते: वॉशिंग्टनमध्ये गांजा दुकानात उघडपणे विकला जातो, पण केंद्राच्या कायद्याने तो गुन्हा आहे आणि व्हिसावरच्या माणसाला त्यापायी देश सोडावा लागू शकतो. त्या दुकानात मित्रांबरोबरसुद्धा पाऊल टाकू नकोस.

पुलमन हे विद्यार्थ्यांचं गाव. भाड्याची घरं ऑगस्ट ते ऑगस्ट अशी जातात आणि चांगली घरं हिवाळ्यातच पुढच्या वर्षासाठी ठरतात, म्हणून होकार दिल्या दिवशी घराच्या शोधाला लाग. शाळा ऑगस्टअखेर सुरू होते. लसीकरणाचे सगळे कागद बरोबर आणा.

कंपनीने आधी येऊन बघायची सोय देऊ केली, तर लोक तुला जून सुचवतील. जूनमध्ये या टेकड्या इतक्या हिरव्या असतात की कुणीही लगेच हो म्हणेल. तुम्ही फेब्रुवारीत या, दोघंही. तेव्हा साडेचारला उजेड उतरायला लागत नाही, पण पाच-साडेपाचला अंधार. टेकड्या करड्या, रस्त्यावर दिसत नाही असा पातळ बर्फ. स्पोकेनला उतरा, चारही टायर हिवाळ्याचे असलेली गाडी भाड्याने मागा आणि १९५ क्रमांकाच्या रस्त्याने दक्षिणेला या. रोझालियाला लढाईच्या स्मारकापाशी थांबा, कोलफॅक्सला कॉफी घ्या, हरणांसाठी वेग कमी ठेवा. पुलमनला माझ्याकडेच उतरायचं. ऋताला मला आधी एकदा फोन करायला सांग, तिचे प्रश्न तुझ्यामार्फत नकोत.

काकू